तिसऱ्या ग्लासानंतर मी काय बोलायचो

दिन्या,

तुझी दारू कमी कशी झाली, याची तुझ्या तेराव्याला चार माणसांनी मला चार कारणं सांगितली. चौघांचंही म्हणणं असं की हे तू त्यांना स्वतः सांगितलं होतंस. तुझा धाकटा भाऊ म्हणाला, सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं दिसलं आणि दादा घाबरला. तुझी स्वाती म्हणाली, ती सासरी गेल्यावर बाबांचं कशातच मन लागेना, त्यात हेही सुटत गेलं. खालच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले, ॲसिडिटी. आणि खडवलीच्या आपल्या पाटलाने तर छातीवर हात ठेवून सांगितलं की तू देवाला गुपचूप शब्द दिला होतास. कुठल्या देवाला, ते मात्र त्याला आठवेना. मी मान खाली घालून लाडू खात होतो. लोकांना वाटलं मला भरून आलंय. भरून आलंच होतं, पण हसूही येत होतं, आणि तुझ्या फोटोसमोर हसायचं कसं म्हणून मी लाडवाकडे बघत बसलो.

तू ज्याला जे पटेल ते कारण देऊन मोकळा व्हायचास. भित्र्या भावाला लिव्हर, मुलीला माया, जोशांना पोट. मला मात्र इतकी वर्षं मागून काही दिलं नाहीस. आणि खरी गरज मलाच होती, हे तुला चांगलं माहीत होतं.

वर्तकनगरच्या कॉलनीत एकाच गॅलरीत आपली दारं होती. लग्नानंतर तू डोंबिवलीला घर घेतलंस. मी तिथेच राहिलो, आणि कॉलनी पाडून टॉवर झाला तेव्हा अकराव्या मजल्यावर गेलो. पण आपला शनिवार मोडला नाही. संध्याकाळी मी डोंबिवलीला बसायला यायचो. 'बसणं' हा आपल्याकडचा किती सभ्य शब्द आहे! आज बसू या का, असं कुणी म्हटलं तर कुठल्या खुर्चीवर असं कुणी विचारत नाही. सासऱ्यांसमोर फोनवर बोलावं इतका तो निर्मळ आहे. तुझ्या गॅलरीत कुंड्यांच्या रांगेसमोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर शेंगदाणे आणि काकडी, माझा काचेचा ग्लास आणि तुझा स्टीलचा. स्वाती लहान असताना तिला कळू नये म्हणून तू स्टीलच्या ग्लासात घ्यायला लागलास. ती शिकली, नोकरीला लागली, लग्न करून घोडबंदर रोडला गेली, तरी तुझा ग्लास स्टीलचाच राहिला. तिला सगळं पाचवीतच कळलं होतं, हे तिने मला तेराव्याला सांगितलं.

त्याच कुंड्यांना पाणी घालताना तू गेलास. स्मशानात माझ्या मागे उभा असलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला, बघ, एवढी कमी केली, काय मिळालं? मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिला. तुला कळलं असतं तर तू म्हणाला असतास, जाऊ दे मध्या, तो हिशोबाने बोलतोय. पण मला राग आला. तू जास्त जगायचं म्हणून कमी केलीस, असं तुला ओळखणारा माणूस म्हणूच शकला नसता. मग कशासाठी केलीस, ते मात्र मलाही सांगता येत नव्हतं. सरण पेटलं तेव्हा माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता. अशा वेळी माणसाने काय विचार करावा याचा काही नियम नसतो, तरी मला त्याची लाज वाटली.

सुरुवात कशी झाली ते मला पक्कं माहीत आहे, कारण मी तिथे होतो. सुरुवात चुकून झाली.

त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. आपला शिरस्ता ठरलेला. आषाढ संपता संपता खडवलीला पाटलाच्या जागेत नदीकाठी गटारी करायची, मटणाचं पातेलं रिकामं करायचं, आणि मग श्रावणभर शहाण्यासारखं वागायचं. त्या दुपारी तू जेवण झाल्यावर ग्लास उंच धरून जाहीर केलंस की उद्यापासून बंद, आणि आंब्याखाली चटईवर झोपून गेलास. तू घोरायला लागल्यावर पाटलाने बातमी दिली की हा श्रावण आपला नव्हेच, हा अधिक. पाळायचा तो पुढचा, निज. म्हणजे पुढच्या अमावास्येला परत गटारी. सगळे इतके खूश झाले की तुला उठवून सांगायचं कुणाला सुचलं नाही. त्या वर्षी अख्ख्या ठाणे जिल्ह्याने दोन गटाऱ्या केल्या असतील. तू एकट्याने एक केलीस.

पुढच्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे बाटली घेऊन आलो, तर तू स्टीलच्या ग्लासात कोकम सरबत घेऊन बसलेला. श्रावण आहे, म्हणालास. सुमनवहिनी आतून म्हणाल्या, "अहो, हा अधिक चाललाय. तुमचा श्रावण अजून महिनाभर लांब आहे." मी हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. तू मात्र अजिबात हसला नाहीस. मला माहितीय, म्हणालास, आणि सरबताचा घोट घेतलास.

तुझं हे 'मला माहितीय' मला ओळखीचं होतं. एकदा तू ठाणे स्टेशनबाहेरून वर्तकनगरची म्हणून भलत्याच बसमध्ये चढलास आणि थेट घोडबंदर रोडला कासारवडवलीपर्यंत जाऊन आलास. दोन तास उशिरा घरी पोचलास तेव्हा म्हणालास, तिकडे नवीन बिल्डिंगा होतायत त्या बघायला गेलेलो. कुणी विश्वास ठेवला नाही. पण पुढच्या रविवारी तू खरंच बघायला गेलास, कारण एकदा बोललास ना. आणि पुढे स्वातीचं घर त्याच रस्त्याला झालं. तुझ्या चुका अशा खऱ्या व्हायच्या. म्हणून मी धरून चाललो की हाही तोच प्रकार. हट्ट. चुकीच्या महिन्यात चढलास आणि आता उतरायला लाज वाटतेय.

हा माझा सिद्धांत जेमतेम बुधवारपर्यंत टिकला. बुधवारी तू बोंबील खाल्लेस. सुमनवहिनींनी मुद्दाम फोन करून अलकाला, म्हणजे माझ्या बायकोला, ही गंमत सांगितली. अधिकात श्रावण पाळायची गरज नाही हे मान्य करून तू तळलेल्या बोंबलांचा फडशा पाडलास, पण कपाटातल्या बाटलीकडे बघितलं नाहीस. आता हट्ट म्हणावा तर बोंबीलही सुटायला हवे होते. शनिवार आणि बुधवार यांच्या मध्ये काहीतरी झालं होतं. काय झालं, ते मी अनेक वर्षं शोधत राहिलो, आणि सगळा वेळ चुकीच्या ठिकाणी शोधत राहिलो.

मग आलं केदारचं जेवण. अधिकात जावयाला वाण द्यायचं, आणि स्वातीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. वहिनींनी पुरणाचे धोंडे केले होते, अनारसे केले होते, घरभर तुपाचा वास सुटला होता. मी आणि अलका पाहुण्यांच्या बाजूने होतो. केदार बिचारा नवखा. सासऱ्याला काय आवडतं हे त्याने कुणाला तरी विचारलं असणार. त्याने पिशवीतून लांबुडका खोका काढला, आत परदेशी महागडी बाटली. जावयाला वाण द्यायचं तर जावईच सासऱ्याला वाण देत होता. स्वातीने डोळे मोठे केले. वहिनी दिव्याचं ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. तू खोका दोन्ही हातांनी घेतलास, बाजूला ठेवलास आणि म्हणालास, "केदारराव, छान आहे हो. पण मी कमी केलीय."

आता हे वाक्य म्हणजे काय हे पिणाऱ्यांची घरं सोडून कुणाला कळणार? 'सोडली' या शब्दाला आपल्याकडे मान आहे. सोडणाऱ्याच्या गळ्यात माळ येते, बायको चारचौघांत त्याचं कौतुक करते. 'कमी केलीय' या वाक्याला काहीच मान नाही. ते आपण डॉक्टरला सांगतो, बायकोला सांगतो, ऑफिसात मेडिकलच्या वेळी सांगतो. मी स्वतः ते आयुष्यभर सांगत आलोय, आणि त्याचा अर्थ अजिबात कमी केलेली नाही असा होतो, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. त्यामुळे मी हसलो. अलका हसली. दिव्याचं ताट हलवत वहिनीसुद्धा हसल्या, असं मला तेव्हा वाटलं. एकटा केदार हसला नाही. "चांगलंय बाबा," एवढंच तो म्हणाला आणि निमूटपणे पाटावर बसला. त्याला आपली भाषा येत नव्हती, म्हणून त्याने विश्वास ठेवला.

पुढे निज श्रावण आला, गेला, गणपती गेले, आणि आपण परत शनिवारी बसायला लागलो. तू स्टीलचा ग्लास घेऊन समोर. आत किती आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि मी विचारायचं कशाला? मला वाटलं, झालं तुझं नाटक. मग एका शनिवारी वीज गेली. अंधारात मी चुकून तुझा ग्लास उचलला आणि मोठा घोट घेतला. नुसतं पाणी, त्यात दारू असल्याची कुणकुण. मी विचारलं, हे काय? तू शांतपणे म्हणालास, माझा पहिलाच चालू आहे.

संध्याकाळभर पहिलाच. किती महिने असं चाललं होतं कुणास ठाऊक. मला काय राग आला, दिन्या! पत्ते खेळताना समोरच्याने आपले पत्ते बघितलेत असं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे मला एकट्याला पाजत होतास आणि मजा बघत होतास. तू म्हणालास, मजा नाही, ऐकत होतो. काय ऐकत होतास? तेव्हा तू ते म्हणालास, ज्याने माझी झोप उडवली.

"तिसऱ्यानंतर तू दर शनिवारी एकच गोष्ट बोलतोस, मध्या."

काय बोलतो मी? तू सांगेनास. मी धमक्या दिल्या, बाटली घेऊन घरी जातो म्हटलं, तुझ्या नाकावर शेंगदाणा मारला. तू म्हणालास, "शुद्धीत बोलशील त्या दिवशी सांगतो, हेच ते म्हणून. आधी नाही."

त्या दिवसापासून आपला हा वाद. मी तुझ्यामागे दोन प्रश्न घेऊन लागलो. तुझी कमी कशी झाली, आणि मी काय बोलतो. दोन्हीला तू एकच चेहरा करायचास, त्या कासारवडवलीच्या बसमधून उतरताना केला असशील तो. मी घरी अलकाला विचारलं, तिसऱ्यानंतर मी काही बडबडतो का? ती म्हणाली, तिसऱ्यानंतर मी दार लावून झोपते. हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. अलीकडे ती माझ्या पिण्यावर काहीच बोलत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. डॉक्टर तरी बोलतात. मागच्या खेपेला त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून मला विचारलं की तुम्हाला स्वतःला काय वाटतं. मी म्हटलं, कमी केलीय. त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं नाही.

म्हणून मी शोध घ्यायला लागलो. तू हसायचास, पण दर शनिवारी नवीन काय सापडलं ते तूच आधी विचारायचास. ज्याची ज्याची कमी झाली अशा प्रत्येकाला मी गाठलं. आमच्या टॉवरमधले एक गृहस्थ म्हणाले, लिफ्टमधल्या आरशामुळे. जुन्या कॉलनीत जिना अंधारा होता, कसंही वर जाता यायचं. आता रोज स्वतःचं तोंड बघत वर जावं लागतं. वागळे इस्टेटमधल्या माझ्या जुन्या कंपनीतला फिटर म्हणाला, नातू माझ्यासारखं चालून दाखवायला लागला आणि घरचे सगळे हसले, मीपण हसलो, पण दुसऱ्या दिवशी हात आखडला. अलकाच्या ओळखीची एक बाई, ती घोडबंदर रोडला राहते. ती रोज ट्रॅफिकमधून घरी पोचली की वाईन घ्यायची. तिचं काम घरून सुरू झालं तसा ट्रॅफिक गेला आणि मागोमाग वाईन गेली, तिला कळलंसुद्धा नाही. तुला ही बाई फार आवडली होती. म्हणजे ती ट्रॅफिक पीत होती, म्हणालास.

एकही माणूस असा भेटला नाही ज्याची कुणी समजावल्यामुळे कमी झाली. पोस्टरवर लिहिलेली कारणं सगळ्यांना पाठ होती, आणि ती पाठ असतानाच सगळे पीत होते. जे कामाला आलं ते भलतंच काहीतरी, क्षुल्लक, दुसऱ्याला सांगितलं तर त्याला हसू यावं असं. मी एकेक कारण स्वतःवर लावून बघितलं. लिफ्टमध्ये आरशासमोर उभा राहिलो आणि केस विंचरले. नातू मला अजून नाही. ट्रॅफिकमध्ये मी जात नाही. दुसऱ्याचा चष्मा लावल्यासारखं व्हायचं, सगळं होतं पण मला दिसायचं नाही. हे तुला सांगितलं तेव्हा तू पहिल्यांदा गंभीर झालास. म्हणालास, तुझं तुझ्याकडे आहे रे. मी म्हटलं, मग दे ना काढून. तू परत शेंगदाण्यांकडे वळलास. हा आपला शेवटचा शनिवार होता. आपल्याला दोघांनाही ते माहीत नव्हतं, त्यामुळे पुढे आपण पाण्याच्या टँकरवर बोललो.

तू गेल्यावर मला एक गोष्ट उशिरा लक्षात आली आणि तीच जास्त लागली. माझ्या आयुष्यातले कितीतरी तास असे आहेत जे मला आठवत नाहीत, तुला आठवत होते. कित्येक शनिवारांच्या संध्याकाळी मी काय होतो, काय म्हणालो, हसलो का रडलो, ते सगळं तुझ्याजवळ होतं, आणि ते घेऊन तू निघून गेलास. माणसं मित्राबरोबर आपलं लहानपण जातं म्हणतात. माझं तर मागच्या शनिवारपर्यंतचं गेलं. मला तुझी आठवण यायची ती अशी, की अरे, आता मी काय बोलायचो हे कुणाला विचारू?

तेराव्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळ झाली तसे माझे पाय आपोआप निघाले. अलकाला म्हटलं, वहिनींना भेटून येतो. तिने नुसती मान हलवली. तुझ्या घरी स्वाती आणि केदार होतेच, पंधरा दिवस राहायला आले होते. गॅलरीत दोन्ही खुर्च्या तशाच. कुंड्यांना कुणीतरी पाणी घातलेलं होतं. मी माझ्या खुर्चीत बसलो. तुझ्या खुर्चीत बसायला केदार तयार होईना, तो स्टुलावर टेकला.

थोड्या वेळाने तो आत गेला आणि तो लांबुडका खोका घेऊन आला. अधिकातला. सील तसंच होतं. म्हणाला, "बाबा म्हणालेले, ही काकांबरोबर फोडायची." त्याने माझ्यासाठी ग्लास आणला तो नेमका तुझा, स्टीलचा. त्याच्या लेखी पिण्याचा ग्लास तोच असावा. पहिला भरला, प्यायलो. चांगली होती रे, तू चाखायला हवी होतीस. आमच्यात बोलणं फारसं झालं नाही. त्याच्या ऑफिसचं थोडं, माझ्या गुडघ्याचं थोडं.

माझा संपलेला बघून केदारने बाटली उचलली. मी ग्लासात वाकून बघितलं. स्टीलच्या ग्लासात तळाशी आपलं तोंड दिसतं, लांबट, वाकडं. मी त्यावर हात ठेवला.

"नको," मी म्हटलं. "कमी करायला पाहिजे रे."

तो 'रे' केदारसाठी नव्हता. तुझ्या खुर्चीकडे बघून तो कसा निघाला मला कळलं नाही. मागे काहीतरी वाजलं. सुमनवहिनी दारात उभ्या होत्या, हातातली शेंगदाण्यांची बशी तिरकी झालेली, दाणे लादीवर.

"हेच ते, भाऊजी," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वहिनी दाणे उचलायच्या निमित्ताने खाली बसल्या आणि तिथूनच बोलत राहिल्या, वर न बघता.

"तुम्हाला खरंच आठवत नाही ना? दर शनिवारी. तिसरा झाला की यांच्या गुडघ्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, दिन्या, कमी करायला पाहिजे रे. हेपण म्हणायचे, हो रे, करायला पाहिजे. आणि दोघं मिळून पुढचा भरायचात. सकाळी कुणाला आठवायचं नाही. मला आठवायचं."

केदार बाटली हातात धरून तसाच बसून होता. मी विचारलं, मग दिन्याची कमी कधी झाली? वहिनी म्हणाल्या, त्या अधिकातच. तुम्ही एकटे पीत होतात, हे सरबत घेऊन बसलेले, त्या दिवशी यांनी ते पहिल्यांदा धड ऐकलं. तुम्ही गेल्यावर आत आले आणि मला विचारलं, सुमन, मध्या हे दर शनिवारी बोलतो काय गं? मी म्हटलं, तुम्हीपण बोलता. मग जेवले नाहीत नीट. नंतर म्हणाले, दोघांतल्या एकाने तरी लक्षात ठेवायला नको?

शनिवार आणि बुधवार यांच्या मध्ये जे झालं होतं, ते हे. मी ज्याच्या मागे एवढा हिंडलो ते माझ्याच तोंडून निघालं होतं. तू चुकीच्या महिन्यात थांबलास म्हणून तुला ते ऐकू आलं.

मी वहिनींना विचारलं, मग मला सांगितलं का नाही त्याने? मी खूपदा म्हटलं सांगून टाका, त्या म्हणाल्या. पण तुमचे मित्र म्हणायचे, मी सांगितलं की ते माझं होणार, आणि माझं म्हटलं की मध्या वाद घालणार. त्याचं त्यालाच ऐकू येऊ दे.

घातला असता वाद. तुला बरोबर माहीत होतं. तुझं वाक्य असतं तर मी ते चिरून, त्यावर मीठ टाकून चकण्यासारखं खाल्लं असतं. स्वतःच्या वाक्याशी वाद कसा घालायचा, हे मला अजून सुचलेलं नाही. मग मी रडलो, दिन्या. तुझ्या जावयासमोर, तुझ्या गॅलरीत, एका ग्लासावर. तिसऱ्यानंतर कधी रडलो असेन तर ते तुला माहीत. हे मला माहीत आहे.

तू मला उपदेश केला नाहीस, आणि माझ्यासमोरून उठूनही गेला नाहीस, याचे आभार कसे मानायचे मला कळत नाही. पहिलाच ग्लास संध्याकाळभर पुरवत तू किती शनिवार बसलास. कंटाळला असशील. तेच तेच ऐकत, आज तरी हा आधी बोलेल म्हणून वाट बघत. मी बोललो तेव्हा तू नव्हतास, याचं मला फार वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं जायचं नाही. 'हेच ते' तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला.

आता हे टिकेल का, मला ठाऊक नाही. मला नुसती उत्सुकता आहे. बोललो तर आहे, आणि यावेळी ऐकणारे दोघे शुद्धीत होते. घरी येऊन अलकालाही सांगितलं. तेच वाक्य. 'कमी केलीय' तिने हजारदा ऐकलंय, 'करायला पाहिजे' कधी नाही. ती चपात्या लाटत होती. हात थांबला नाही तिचा, पण तिने विचारलं, "कुणी सांगितलं?" मी म्हटलं, मीच. तिने वळून माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी बघितलं.

काल शनिवार होता. मी परत डोंबिवलीला गेलो. केदार यावेळी माझ्या खुर्चीत बसला आणि मला तुझ्या खुर्चीत बसायला लावलं. अंधार पडल्यावर पाटलाचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. बसलायस ना, तो म्हणाला, ऐकू येतंय. कितवा?

"पहिलाच चालू आहे," मी म्हटलं.

पाटील कितीतरी वेळ हसत राहिला. केदार हसला नाही. त्याने पाण्याचा जग उचलून माझ्या ग्लासात ओतला.